बेडरूमची कडी

प्रिय सुलू,

सहा महिने तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तुझे तीन फोन जाणूनबुजून उचलले नाहीत. उचलला असता तर तुझ्या ‘काय गं’ला मी रडले असते, म्हणून. माझी तब्येत बरी आहे, बीपीची गोळी सुरू झालीय, बाकी काही नाही. आईचं तुला माहीत आहेच. उजवी बाजू गेली ती गेलीच, शब्दही परत आले नाहीत.

गेल्या शनिवारी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेले. बाबांनी दार उघडलं आणि चपला काढायच्या आतच म्हणाले, “नर्सिंग ब्युरोच्या बाईंना उद्यापासून नको म्हणून सांगितलंय.” का, ते सांगितलं नाही. दुपारी आईची पेज घेऊन गेले तर बेडरूमची कडी आतून. हाक मारली. उत्तर नाही. आत पाण्याचा आवाज, मग तोही थांबला. वीस मिनिटं मी वाटी हातात धरून दाराबाहेर उभी होते. तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर कोण आलं, हे मी घरात कुणाला सांगू? नवरा म्हणेल, सिनेमे कमी बघ. दादा तर घाबरून विमानच पकडेल. तुला नाव सांगितलं की पुरे. त्रँतिन्याँ.

आपला फ्रेंच नट, ‘आमूर’ सिनेमातला ज्यॉर्ज. बायकोला, आनला, झटका येतो, ती आडवी पडते, आणि तो एकेक करून सगळ्यांना दाराबाहेर ठेवतो. मुलगी भेटायला येते तेव्हा आईच्या खोलीला कुलूप. तुझ्या काळजीचा मला काही उपयोग नाही, असं तिला सरळ सांगतो. आणि शेवटी ती उशी.

तेरा वर्षांपूर्वी आपण तिघं तो बघून बाहेर आलो ती रात्र आठवते ना? तू एवढी रडली होतीस की रिक्षावाल्यानं न विचारता मीटरनं नेलं, पुण्यात तो एकच चमत्कार मी पाहिलाय. बाबा मात्र गप्प होते. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाले, “त्यानं त्या नर्सला काढायला नको होतं. तिथं चुकला. एकट्यानं नाही निभत.” आणि आपण दोघी त्या मुलीवरून भांडत बसलो. इझाबेल उपेर त्यात किती कोरडी, किती स्वार्थी, असं तू म्हणालीस. मी तुझ्यापेक्षा जोरात म्हणाले. येते, खिडकीशी उभी राहते, रडते, जाते. सुलू, आपलं चुकलं. ती बिचारी दुसरं काय करणार होती? मी शनिवारी जाते आणि रविवारी परत येते.

बाबांनी आपल्याला हा त्रँतिन्याँ कसा शिकवला! कॉलेजात असताना फिल्म अर्काइव्हच्या थेटरात ‘इल सोर्पासो’ला नेलं होतं. तू त्यातल्या दुसऱ्या नटाच्या, गासमनच्या प्रेमात पडलीस, ती गाडी, तो हॉर्न, तो आरडाओरडा. बाबा म्हणाले, शेजारी बसलेल्या त्या बुजऱ्या पोराकडे, त्रँतिन्याँकडे बघा, सिनेमा त्याच्या चेहऱ्यावर चाललाय. तू ऐकलं नाहीस. “तो काही करतच नाही, काका!” हे तुझं वाक्य घरात वर्षभर चाललं. मग बाबांनी पुरावेच मांडायला घेतले. ‘झेड’मधला न्यायाधीश : काळसर चष्मा, आवाज जराही चढत नाही, एकेका लष्करी अधिकाऱ्याला समोर बसवून फक्त नाव, आडनाव, हुद्दा विचारतो आणि सरकार हलतं. त्याला 1969 मध्ये कान चित्रपट महोत्सवात पारितोषिक मिळालं ते त्या शांतपणाला, असं बाबांचं म्हणणं. ‘द ग्रेट सायलेन्स’मध्ये तर पूर्ण मुका. तेव्हा तू हात टेकलेस.

पण मला छळतो तो ‘द कन्फर्मिस्ट’. बर्फातलं जंगल. ती बाई मोटारीच्या काचेवर हात आपटते, किंचाळते, आणि हा आत बसून तिच्याकडे नुसता बघतो. काच खाली करत नाही. ते चित्रीकरण चालू असतानाच रोममध्ये त्याची तान्ही मुलगी गेली होती, हे बाबांनी नंतर सांगितलं, आणि मग मला तो प्रसंग पुन्हा बघवला नाही. 2003 मध्ये मोठी मुलगी मारीही गेली, मारहाणीत, परमुलखात. त्यानंतर त्यानं सिनेमा जवळजवळ सोडलाच होता. ‘आमूर’च्या दिग्दर्शकानं, हानेकेनं ज्यॉर्ज त्याच्यासाठीच लिहिला म्हणून परत आला. ‘आमूर’ कानला दाखवला तेव्हा तो 81 वर्षांचा होता. बाबा आत्ता 81 चे आहेत.

2022 च्या जूनमध्ये तो गेला तेव्हा बाबांनी मला ऑफिसात फोन केला होता. “गेला गं,” एवढंच. मला वाटलं कुणी नात्यातलं.

तर ती कडी. निघाली. बाबा बाहेर आले, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. त्यांनी आईचे केस धुतले होते. पलंगावर मेणकापड, खाली बादली, आणि आईच्या डोक्याला त्यांचा जुना पंचा गुंडाळलेला. मला म्हणाले, “ती बाई केस ओढायची. हिला ओरडता येत नाही.”

सुलू, तुला आठवलं ना? सिनेमात ज्यॉर्ज ज्या नर्सला काढतो, ती आनचे केस अशीच खसाखसा विंचरते आणि वर आरसा धरते. बाबांना आठवलं असेल का? मी विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. ते बरोबरच होते, त्या बाईला काढायलाच हवं होतं. आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते. सिनेमातही तो प्रत्येक पायरीवर बरोबरच असतो गं. रात्री मी बाहेरच्या खोलीत जागी होते. ते आईशी बोलत होते, बारीक आवाजात, बराच वेळ. ज्यॉर्जही शेवटी तिला लहानपणीची गोष्ट सांगतो, शिबिरातून आईला पाठवायच्या कार्डाची, बरं असलं तर फुलं काढायची, नसलं तर तारे. मी उठून दाराशी गेले. बाबा तिला कोपऱ्यावरच्या वाण्यानं साबुदाण्याचा भाव किती लावला ते सांगत होते. मी तिथंच जमिनीवर बसले.

दुसरी बाई बघते म्हटलं तर “बघू.” ठाण्याला चला म्हटलं तर उत्तरच नाही. मुलीला ते दार उघडणार नाहीत, एवढं मला कळलंय.

तुला उघडतील. म्हणून हे सगळं लिहिलं. रविवारी पाचला, त्यांचा चहा झाला की फोन कर. आईचं काही विचारू नकोस. म्हण, “काका, मी अजूनही सांगते, गासमनच भारी.” भांडू दे त्यांना तुझ्याशी, अर्धा तास भांडू दे. आणि मग जमलं तर नागपूरहून दोन दिवस ये. तू आईजवळ बसलीस तर ते बाहेर येतील, कदाचित टेकडीपर्यंत चालूनही येतील.

चिन्मयीच्या परीक्षेचं काय झालं? बँकेतली बदली टळली का? तुझ्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल. सगळं सविस्तर कळव, मी आता फोन उचलेन.

आईच्या डाव्या हाताला थोडी पकड आलीय. निघताना तिनं माझी ओढणी धरून ठेवली होती, सोडवायला बाबांना यावं लागलं.

तुझी,
मंजू