गोळीआधी तपासणी हवी

महोदय,
मूल होत नाही म्हणून 'क' जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणारी जोडपी पाहून काळजी वाटते. हे जीवनसत्त्व शुक्राणूंना ऑक्सिडीकरणाच्या हानीपासून जपते, हे खरे. वीर्यात त्याचे प्रमाण रक्तापेक्षा बरेच जास्त असते. धूम्रपानाने ते घटते, तेव्हा आधी सिगारेट सुटायला हवी! स्त्रीच्या बीजकोशातही (अंडाशयातही) ते साठते, पण म्हणून गोळीने गर्भ राहतोच असे सिद्ध झालेले नाही. रोज २००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेतल्यास जुलाब होऊ शकतात, मूतखड्याचा धोकाही असतो. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा झाली नाही, तर दोघांचीही तपासणी करावी. स्त्री पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच. अजूनही पुरुष वीर्यतपासणी टाळतात आणि तिच्या उपचारांची मोलाची वर्षे वाया जातात.

— एक वाचक