गार्ड मॅडम, तुम्ही माझ्या मायचं नाव लिहिलंत

आदरणीय गार्ड मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आमच्या जंगलातून तुमची बदली झाल्याचं मायनं फोनवर सांगितलं. "मॅडम गेल्या ना वं," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. मी चंद्रपुरात नोकरीला, त्यामुळे निरोप द्यायला गावात नव्हते. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण जे घडलं तेही सगळ्या गावासमोरच घडलं होतं.

ती सकाळ तुम्हाला आठवत असेलच. मोहफुलं पडायला लागली होती. आमच्याकडे मोह वेचायचा म्हणजे आधी झाडाखालचा पाला जाळायचा, ही आजी-पणजीपासूनची रीत. काळ्या पडलेल्या जमिनीवर फिकट पिवळं फूल लांबूनही दिसतं, हात भरभर चालतो. कुणी तर म्हणतं, आग लावली की तेंदूला पान चांगलं फुटतं. मायनं दरवर्षीसारखी काडी लावली. त्या दिवशी वारा फिरला. बघता बघता आग सागाच्या वाळल्या पानात शिरली आणि नाल्याच्या बाजूला पळत सुटली. आमचं गाव ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे बाहेरच्या पट्ट्यात. नाला ओलांडला की थोड्या अंतरावर कोअर, म्हणजे आतलं राखीव जंगल, सुरू होतं.

तुमच्या मोबाइलवर उपग्रहाचा संदेश यायच्या आधीच तुम्हाला धूर दिसला होता. मोटारसायकलवरून आलात, मागून वनमजूर आले, एकाच्या पाठीवर ब्लोअर. उतरल्या उतरल्या तुम्ही "आग कुणी लावली" असं विचारलं नाही. "आत कोणी बाईमाणूस राहिलंय का?" हे पहिलं विचारलंत. मग कामाला लागलात. ब्लोअरवाला पुढे पाला उडवून जमीन उघडी करत होता आणि बाकीचे जांभळीच्या ओल्या डहाळ्यांनी कडा झोडपत होते. "तोंडासमोर उभं राहू नका, बाजूनं मारत या," असं तुम्ही ओरडून सांगत होतात. माय, मी, शेजारच्या काकू, सगळ्या झोडपत होतो. शेवटी आग जाळरेषेपाशी, म्हणजे पाला काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यापाशी, येऊन थांबली. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो, त्याच्या आधी तुम्ही लोक तो पट्टा साफ करता. तो कशासाठी, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

आग विझल्यावर आम्हाला वाटलं, संपलं. तुम्ही मात्र संध्याकाळपर्यंत हलला नाहीत. एका वाळलेल्या खोडाला हात लावून म्हणालात, हे आतून धुमसतंय, रात्री वारा सुटला की परत पेटेल. मग नाल्यातला ओला गाळ आणून त्या ढोलीत भरलात. मायनं गडव्यात पाणी आणून दिलं तेव्हा तुमची डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत जळालेली होती. पाणी पिताना ते तुम्हाला दिसलं.

मग तुम्ही विचारलंत. सगळे मुके. पाटलांचं पोरगं जमिनीकडे बघत होतं. आणि माय म्हणाली, "मीच काडी लावली जी. दुसऱ्या कोनाचं नाव नोका घेऊ."

तुम्ही वही काढली आणि तिचं नाव लिहिलंत. पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला अहवाल, झाला.

मॅडम, आज खरं सांगते, त्या रात्री मला तुमचा फार राग आला होता. दिवसभर तुमच्या खांद्याला खांदा लावून आग झोडपणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर वनगुन्हा! दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः घरी आलात, तिला सोबत घेऊन कार्यालयात गेलात आणि साहेबांसमोर तिच्या बाजूला उभ्या राहिलात. तिनं स्वतः होऊन कबूल केलं, शेवटपर्यंत आग विझवली, हेही कागदावर आलं ते तुमच्यामुळे. दंड भरून ती घरी आली तेव्हा रडत नव्हती. मला म्हणाली, "मॅडमनं खोटं नाही लिवलं." तुम्ही तिला गरीब, अडाणी म्हणून सोडून दिलं असतं, तर तिची मान खाली गेली असती. हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या हंगामाच्या आधी तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन बसलात, खराटे आणि हिरवी जाळी घेऊन. भाषण केलं नाहीत. मायला त्याच मोहाखाली नेलंत आणि विचारलंत, "आजी, या झाडाखाली याचं एक तरी पोर दिसतं का?" माय बराच वेळ शोधत राहिली. एकही रोप नव्हतं. दरवर्षीच्या आगीत उगवलेलं सगळं जळून जात होतं. आपला मोह आपल्यासोबतच म्हातारा होतोय, हे तिला त्या दिवशी दिसलं. आता ती पाला झाडते, जाळी अंथरते आणि दुसऱ्या बायांच्या हातात काडीपेटी दिसली की मोठ्यानं भांडते. उजाडल्याशिवाय जायचं नाही, एकटीनं जायचं नाही, बाकीच्या वाकून वेचत असताना एकीनं उभं राहून नजर ठेवायची, हे तुमचे नियमही तीच सगळ्यांना सांगते. मोहाला अस्वलही येतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही.

नोव्हेंबर २०२१मध्ये कोलाऱ्याकडे व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेली वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली, ती बातमी आली तेव्हा मायनं चूल तशीच सोडून तुमच्या क्वार्टरकडे धाव घेतली होती. तुम्हाला दारात बघून ती काही न बोलता परत फिरली. काही दिवसांनी तुम्ही पुन्हा पायी गस्तीवर दिसलात, हातात काठी, सोबत एक वनमजूर. पाणवठ्याचा सौर पंप बंद पडला म्हणून तुम्ही त्याच्याशी झटापट करत होतात आणि शेजारून पर्यटकांच्या जिप्सी धूळ उडवत जात होत्या. ताडोबा १९५५पासून राष्ट्रीय उद्यान आहे, राज्यातलं पहिलं. ते अशा पायी चालणाऱ्या माणसांनी राखलंय, हे मी चंद्रपुरात भेटेल त्याला सांगत असते.

आता आनंदाची गोष्ट. त्या मोहापासून चार पावलांवर एक रोप टिकलंय, गुडघ्याएवढं झालंय. मायनं भोवती दगड रचलेत आणि बकऱ्या येऊ नयेत म्हणून बोराट्या लावल्यात. तुमच्या जागी जे कोणी येतील, त्यांना ती आधी हेच दाखवणार आहे.

यंदाची मोहफुलं तिनं तुमच्यासाठी वेगळी वाळवून ठेवलीत. डबा कुठे पाठवायचा, तेवढं कळवा.

आपली नम्र,
आगवाल्या आजीची लेक