सुध्यास, तुमच्या हॉलमधल्या काळ्या पडद्याबद्दल

मिरज
रविवार, दुपार

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून माझ्याकडून एक ओळ नाही आणि आता लिहितोय तेही तुझ्या डब्याबद्दल, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या त्या कॉम्प्युटरबद्दल. शिव्या मनातल्या मनात दे. इकडे तब्येती ठीक. अण्णांची शुगर गोळ्यांवर आहे, माझी पाठ आहे तशीच आहे. पुढे.

अण्णांनी पंचावन्न इंची फोर-के टीव्ही घेतला हे तुला कळलंच असेल. तो भिंतीवर चढला त्या दिवसापासून आपला डबा 'मेला' असं तुमच्या घरात ठरलंय. पम्या येऊन निदान करून गेला, "ग्राफिक्स उडालं." त्याच्या जागी स्टिक (टीव्हीत खोचायची स्ट्रीमिंगची कांडी) लावून देतो म्हणाला आणि डबा 'एक्स्चेंज'मध्ये घेऊन जायची तयारीही दाखवली. पम्या आणि एक्स्चेंज! तुझ्या कॅरमबोर्डाचं काय झालं ते आठव आणि हे पत्र वाचून होताच आधी अण्णांना फोन कर. पुरातून वाचलेल्या सगळ्या व्हिडिओ टेपांच्या फाइली त्या डब्यात आहेत. स्टिकला त्यांचा काही उपयोग नाही.

डबा जिवंत आहे, आणि त्याचा पुरावा पम्याच्या डोळ्यांसमोर होता. बटण दाबलं की मदरबोर्डचा लोगो टीव्हीवर स्वच्छ दिसतो. मग लिब्रेइलेक (डब्याची ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू होतं आणि कोडी (सिनेमे दाखवणारा प्रोग्राम) यायच्या वेळेला पडदा काळा होऊन 'नो सिग्नल'. ग्राफिक्स गेलं असतं तर लोगो तरी कुठून दिसला असता? बायोसचं, म्हणजे बटण दाबताच बोर्ड दाखवतो ते, चित्र कमी रिझोल्यूशनचं असतं, ते कुठल्याही मरतुकड्या केबलमधून जातं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

ऑपरेटिंग सिस्टिम उठली की डबा टीव्हीला विचारतो, तुला काय काय जमतं? टीव्ही उत्तरादाखल ईडीआयडी, म्हणजे स्वतःला काय जमतं त्याची यादी, पाठवतो. एकशे अठ्ठावीस बाइटचा मूळ तुकडा आणि त्याला जोडलेली पुरवणी. लग्नाच्या बायोडेट्यासारखंच असतं ते, सगळं मोठं करून लिहिलेलं. जुन्या टीव्हीचा आकडा होता १९२०×१०८०. नवा सांगतो ३८४०×२१६०. कोडीत रिझोल्यूशन आपण कधी हातानं ठरवलं नव्हतं, त्यामुळे टीव्ही म्हणेल ते खरं. आपल्या डब्यातला इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर एचडीएमआयवर ३०० मेगाहर्ट्‌झच्या पुढे जात नाही, म्हणून फोर-के साठ हर्ट्‌झ त्याला जमत नाही, पण तीस हर्ट्‌झ बरोबर बसतं. त्यानं भाबडेपणानं तेच सुरू केलं. मधल्या केबलला झेपतं का, हे या व्यवहारात कुणी विचारतच नाही.

आता आकडे बघ. १०८० साठ हर्ट्‌झला पिक्सेल क्लॉक (पिक्सेल पाठवायचा वेग) १४८.५ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे तारेवरून सेकंदाला साधारण ४.४६ गिगाबिट. फोर-के तीसला २९७ मेगाहर्ट्‌झ, ८.९१ गिगाबिट. बरोबर दुप्पट. आणि केबल कुठली? दहा मीटरची, तांब्याची, भिंतीत गाडलेली. तांब्याच्या साध्या केबलवर अठरा गिगाबिट धड जायचं तर तीन मीटरपर्यंत भरवसा धरावा. दहा मीटरवर नऊ गिगाबिट म्हणजे नशिबाचा भाग. चांगली असेल तर चालते, जरा कमी पडली की पडद्यावर पांढऱ्या ठिणग्या उडतात, आणखी कमी पडली की दोन-दोन सेकंद चित्र जातं-येतं, आणि त्याच्याही खाली नुसता काळोख. तुमची या शेवटच्या पायरीवर आहे.

खात्री करायला खर्च शून्य. डबा कपाटातून काढून टीव्हीखाली ठेवला आणि दीड मीटरची केबल लावली की चित्र लख्ख. डबा चांगला, टीव्हीचं पोर्ट चांगलं. तीच छोटी केबल टीव्हीच्या दुसऱ्या पोर्टातही लावून झाली, तिथेही लख्ख. राहिली भिंतीतली.

आणि इथे, सुध्या, पाऊण इंची पाइप. मी काय म्हणालो होतो? एक इंची घाल. तू काय म्हणालास? "केबल बोटाएवढी, तिला एक इंच कशाला?" एचडीएमआयच्या प्लगचं प्लॅस्टिकचं डोकं जवळजवळ वीस मिलिमीटर रुंद असतं आणि पाऊण इंची पाइपचं भोकही तेवढंच, वर त्यात दोन बेंड. प्लास्टरच्या आधी केबल आत ठेवून पाइप बसवला म्हणून ती गेली. आता ना ती बाहेर येते, ना दुसरी आत जाते. गवंडीसुद्धा माझ्या बाजूनं होता, हे लक्षात असू दे.

यावर दोन रस्ते आहेत. तुला पहिला आवडणार नाही आणि मला तोच बरोबर वाटतो.

पहिला रस्ता, केबलला हात लावायचा नाही, डब्याला १०८० वर बांधून टाकायचं. जोपर्यंत छोटी केबल लावलेली आहे तोपर्यंत कोडीच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात डिस्प्ले, तिथे रिझोल्यूशन १९२०×१०८० आणि रिफ्रेश रेट साठ. बदल केला की कोडी 'ठेवू का' विचारतो आणि उत्तराला काही सेकंदच देतो. रिमोट हातात नसेल तर परत जुन्यावर जातो, मग सगळे म्हणतात सेटिंग टिकत नाही. कोडी वर येईपर्यंतचा जो मधला काळोख राहतो त्यासाठी बूटच्या फाइलीत कर्नलच्या ओळीला व्हिडिओचं पॅरामीटर जोडायचं, पोर्टाचं नाव आणि पुढे १०८० साठ. ते तू एसएसएचनं (नेटवरून डब्यात शिरून) तिकडून करू शकतोस. लिब्रेइलेकचं फ्लॅश पार्टिशन (बूटची फाइल असते तो डिस्कचा भाग) आधी लिहिण्याजोगं करून घ्यावं लागतं, नाहीतर फाइल सेव्ह होत नाही. एवढं झालं की भिंतीतली केबल परत लाव. जुनाच भार, जुनंच चित्र.

"मग फोर-के टीव्ही कशाला घेतला?" तुझा आवाज ऐकू आला. तर ऐक. टीव्ही १०८०चा प्रत्येक पिक्सेल आडवा दोन, उभा दोन असा पसरतो आणि हे काम त्याचा स्केलर डब्यापेक्षा चांगलं करतो. फोर-केच्या फाइली बहुतेक दहा बिटांच्या एचईव्हीसीत (व्हिडिओ दाबून साठवायच्या एका पद्धतीत) असतात. इंटेलमध्ये त्याचं पूर्ण हार्डवेअर डिकोडिंग सातव्या पिढीपासून आलं. आपला चौथ्या पिढीचा त्यावर धापा टाकेल. म्हणजे डब्यातून फोर-के बाहेर काढलं तरी आत घालायला काही नाही. शिवाय त्या टेपा. सातशे वीस बाय पाचशे शहात्तर, इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी अर्धी चित्रं, सेकंदाला अशी पन्नास फील्ड. डीइंटरलेस करून त्या पन्नास हर्ट्‌झवर दिसायला हव्यात. फोर-के तीस हर्ट्‌झवर त्यातल्या बऱ्याच हालचाली गेल्याच, वर पंचवीसचं तीसशी जमत नाही म्हणून झटके. अप्पाकाकांची वरात लंगडत जाईल.

दुसरा रस्ता, ऑप्टिकल एचडीएमआय केबल. बारीक मायक्रो टोकाची मिळते, पाइपातून ओढून झाली की मोठं डोकं वरून बसवायचं. जुन्या केबलचं एक डोकं छाटायचं, तिलाच नवी बांधायची आणि ओढायचं. पण त्या दोन बेंडमध्ये फायबर दुमडली की गेली. दिशा असते तिला. सोर्सचं टोक डब्याकडे, डिस्प्लेचं टीव्हीकडे. उलटी घातलीस तर परत सगळं ओढ. ती वीज घेते पोर्टाच्या अठराव्या पिनेवरच्या पाच व्होल्टमधून, आणि नियमाप्रमाणे तिथे ५५ मिलिअँपियरचीच हमी. जुन्या बोर्डावर तेवढंही कधी कधी धड मिळत नाही. एवढं करून डबा तोच, म्हणजे फोर-के तीसच. उद्या डबा बदललास तर घाल. आज नको.

चित्र आल्यावर अण्णांच्या तीन तक्रारी राहतील, त्या आधीच सांगून ठेवतो.

कोडीचं घड्याळ कोपऱ्यात कापलं जातं. ते ओव्हरस्कॅन. टीव्ही चारी बाजूंनी तीन-पाच टक्के चित्र खातो. डब्यात काही करू नकोस, टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये बंद कर. एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगात 'फिट टू स्क्रीन', सोनीत 'फुल पिक्सेल'. कोडीत कॅलिब्रेशन करून चित्र आत ढकलणं म्हणजे आधी कापायचं आणि मग शिवायचं. मन्यानं तेच करून ठेवलं होतं.

काळं करडं दिसतं. टीव्हीचं चित्र १६ ते २३५ या पातळ्यांत असतं, कॉम्प्युटरचं ० ते २५५. कोडीत 'लिमिटेड कलर रेंज' चालू आणि इंटेलचा ड्रायव्हरही लिमिटेडवर असेल तर दोनदा दाबलं जातं, मग रात्रीचा प्रसंग धुक्यात घडल्यासारखा. याउलट डबा पूर्ण रेंज पाठवतो आणि टीव्ही लिमिटेड धरून बसलाय, तर सावल्यांचा चिखल. दोन्हीपैकी एकाच ठिकाणी लिमिटेड ठेव आणि टीव्हीचं ब्लॅक लेव्हल त्याच्याशी जुळव. पट्ट्यांचं टेस्ट चित्र लावून बघ. सोळाची पट्टी काळ्यात बुडाली पाहिजे, सतराच्या पुढच्या जेमतेम का होईना दिसल्या पाहिजेत. ब्राइटनेस खालीवर करून हे सुटत नाही. आपलं यावर गणपतीत भांडण झालंय, परत नको.

तिसरी, सिनेमात कॅमेरा सरकला की चित्र अडखळतं. सिनेमा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा, टीव्ही साठवर. एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, अशी चाल होते. आपल्याकडच्या पंचवीसच्या गोष्टींचं त्याहून वाईट, पाच फ्रेम बारा घरांत बसवायच्या. उपाय एकच, कोडीत 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' हे 'ऑन स्टार्ट/स्टॉप'वर ठेवायचं आणि व्हाइटलिस्टमध्ये (परवानगीच्या यादीत) १०८०चे २३.९७६, २४, ५०, ५९.९४ आणि ६० एवढेच टिकवायचे. फोर-केचा एकही नको, नाहीतर एखादी फाइल लावल्यावर परत काळोख. सुरुवातीला दोन-तीन सेकंद पडदा काळा होईल, टीव्ही नवीन रेट धरतोय. अण्णांना हे आधी सांग, नाहीतर ते तेवढ्यात तीन बटणं दाबतात. आवाजाचे पहिले शब्द गिळले गेले तर त्याच ठिकाणी रेट बदलल्यानंतरचा विराम वाढवता येतो.

आणखी एक, सकाळचा प्रश्न. डबा आधी चालू, टीव्ही मागून. एकोणिसाव्या पिनेवर टीव्ही 'मी आहे' म्हणून खूण देतो. स्टँडबायमध्ये काही टीव्ही ती काढून घेतात आणि डब्याला वाटतं समोर कुणीच नाही. काकूंसाठी क्रम लिहून चिकटवायचा, आधी टीव्ही मग डबा. तुला कायमचा बंदोबस्त हवा तर लिब्रेइलेकमध्ये 'गेटईडीआयडी'ची सोय आहे, टीव्ही चालू असताना ईडीआयडी जतन करून बूटला तोच वापरायचा. टीव्ही बदलला की ती फाइल आठवणीनं काढ.

काकू म्हणाल्या डब्याला हात लागला की मुंग्या येतात. हे हसण्यावारी नेऊ नकोस. डबा दोन पिनी एक्स्टेन्शनवर आहे. अर्थिंग नसलं की एसएमपीएसच्या (डब्याच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टर कपॅसिटरमधून बॉडीवर मेन्सच्या निम्मे, म्हणजे एकशे पंधराच्या आसपास व्होल्ट तरंगतात. करंट अगदी थोडा, पण चालू असताना एचडीएमआय खुपसताना तोच शील्डमधून उडतो आणि टीव्हीचं पोर्ट घेऊन जातो. टीव्ही आणि डबा एकाच तीन पिनी बोर्डावर, आणि त्या सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का हे वायरमनकडून तपासून. भिंतीच्या पाइपातला अर्थिंगचा धागा जोडलेलाच नाही, असं आपल्या भागात किती वेळा निघतं तुला माहीत आहे. तोवर केबल काढताना-घालताना दोन्हींचे प्लग सॉकेटमधून काढायचे. पम्यानं सगळं चालू ठेवूनच उपटाउपट केली, पोर्ट वाचलं हे अण्णांचं पुण्य.

तुझं घर बदलायचं काय झालं? श्रेयाला जर्मन शाळा रुळली का? थंडी फार असेल. वहिनींना नमस्कार. सगळं सविस्तर कळव, मीही मग लिहितो.

पण फोन आज कर. पम्या उद्या सकाळी येणार आहे.

तुझा,
दिग्या

ता.क. टीव्ही भिंतीपासून दोन बोटंच लांब आहे आणि जाड केबल मागे काटकोनात मुडपली आहे. एल आकाराचा एचडीएमआय जोड इथे मिळतो, वरच्या की खालच्या दिशेचा ते पोर्ट बघून ठरवावं लागतं. खाली वळणारा आणतो. पैसे तुझ्या खात्यावर, पाइपच्या दंडासकट.