दोन अंडी, वेगळ्या पॅनमध्ये

न्यू जर्सी,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या हॉटेलच्या गाळ्याचं भाडं ठरलं, दिवाळीनंतर रंगकाम सुरू झालं, भट्टीची जागा पक्की झाली, हे सगळं वाचून फार आनंद झाला. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिलेस, आता स्वतःच्या गल्ल्यावर बसणार. शेवटी तू लिहिलंस, "हॉटेलवाल्यांचे सल्ले खूप ऐकले. तू दर रविवारी तिकडे नाश्त्याला बाहेर जातोस, तर गिऱ्हाइकाला काय वाटतं ते लिही." म्हणून आज डायनरमधून (म्हणजे इथल्या साध्या हॉटेलातून) आल्या आल्या, कोटसुद्धा नीट न टांगता लिहायला बसलोय.

आमचं हे डायनर कसं असतं ते आधी डोळ्यांसमोर आण. १८७२ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस रात्री वर्तमानपत्राच्या कचेरीपाशी घोडागाडी लावून रात्रपाळीच्या लोकांना खायला विकू लागला. तिथून हा धंदा सुरू झाला असं मानतात. पुढे गाड्या मोठ्या झाल्या, आत बसायची सोय झाली, मग गाडी एका जागी स्थिरावली. विसाव्या शतकात तर ही दुकानं आख्खी कारखान्यात बनायची आणि तयार होऊन जागेवर येऊन बसायची. असे कितीतरी कारखाने आमच्या न्यू जर्सीतच होते. त्यामुळे जुनं डायनर आगगाडीच्या डब्यासारखं लांब आणि अरुंद असतं. एका अंगाला काउंटर, त्याच्यापुढे जमिनीत पक्की बसवलेली गोल स्टुलं, आणि काउंटरच्या पलीकडे हातभर अंतरावर तापलेला तवा. तुझा पदार्थ कोण करतोय, कशाने उलटतोय, हात पुसतोय का, सगळं दिसतं. लपवायला जागाच नाही. मला ही रचना फार आवडते.

मी इथे २०११ च्या जानेवारीत एकटा आलो, ते तुला आठवत असेल. रविवार खायला उठायचा. बर्फ पडलेला, खोलीत कुणी नाही, आणि तिकडे तुम्ही सगळे जेवून झोपायच्या तयारीत. तिसऱ्या की चौथ्या रविवारी धीर करून या डायनरमध्ये शिरलो. काउंटरच्या टोकाला, भिंतीजवळच्या स्टुलावर बसलो. साठीच्या आसपासची एक बाई कॉफीचं भांडं घेऊन आली. कप भरला आणि विचारलं, अंडी कशी हवीत? मला वाटलं होतं, अंडी म्हणजे अंडी. सनी साइड अप, ओव्हर ईझी, ओव्हर हार्ड, स्क्रँबल्ड. मग टोस्ट कुठला, गव्हाचा, पांढरा की राय? मागे दोन माणसं ताटकळत उभी. मला घाम फुटला. तिने मेनूकार्ड हलकेच मिटलं आणि म्हणाली, "पिवळं पातळ चालतं का तुम्हाला?" मी मान हलवून नाही म्हटलं. "मग ओव्हर हार्ड, उलटून पिवळंही घट्ट केलेलं. टोस्ट गव्हाचा आणते, नाही आवडला तर बदलून देईन." संपलं. दहा प्रश्नांचा एक प्रश्न केला तिने. नव्या माणसाला यादी वाचून दाखवायची नसते, त्याला उत्तर देता येईल असं काहीतरी विचारायचं असतं, हे मी तिथे पाहिलं.

पण खरी गोष्ट पुढच्या रविवारची. तुला माहीत आहे, मी अंड्यापर्यंत आलो, त्यापुढे गेलो नाही. तर बसल्या जागेवरून तव्याकडे बघत होतो. आचाऱ्याने बेकनच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या, पट्ट्या परतल्या, त्या बाजूला सरकवल्या आणि सुटलेल्या चरबीतच माझी अंडी फोडली. बशी पुढे आली. मला काही खाववेना. परक्या देशात, नव्या नोकरीत, "हे मला चालत नाही" असं म्हणायचं धाडस नव्हतं. नुसता टोस्ट खाल्ला, कॉफी प्यायलो, पैसे दिले आणि निघालो. बाईने भरलेली बशी उचलली, माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी मी बसलो तेव्हा ती ऑर्डर घ्यायच्या आधी वाकून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मागच्या वेळी अंडी तशीच राहिली. मांसाच्या तव्यामुळे का?" मी हो म्हटलं. ती वळून आचाऱ्याला म्हणाली, "दोन ओव्हर हार्ड, वेगळ्या पॅनमध्ये, बटरवर." एवढंच. जाहिरात नाही, माझ्या धर्माची चौकशी नाही, उपकाराचा सूर नाही. तेव्हापासून आज चौदा वर्षं माझी अंडी वेगळ्या पॅनमध्ये होतात. आचारी तीनदा बदलले, पण प्रत्येक नव्याला हे कुणीतरी सांगून ठेवतं. गिऱ्हाईक काय खातं हे सगळेच बघतात रे, पण बशीत काय उरलं हे तिने बघितलं. तुझ्याकडे ताटल्या उचलणारं जे पोर असेल त्याला हे शिकव. परत आलेल्या ताटलीत रोज चटणी उरत असेल तर ती चटणी फसलीय. कुणी तोंडाने सांगणार नाही.

तिची आणखी एक लकब सांगतो. इथे डुकराच्या मांसाचा एक प्रकार सकाळी अंडं-चीजबरोबर पावात घालून खातात. ट्रेंटनच्या जॉन टेलरने १८५६ मध्ये तो काढला असं सांगतात. राज्याच्या उत्तरेकडचे लोक त्याला टेलर हॅम म्हणतात, दक्षिणेकडचे पोर्क रोल, आणि त्यावरून खरोखर वाद घालतात. आमचं गाव मध्यावर, म्हणून दोन्हीकडचे येतात. ती ऑर्डर परत उच्चारताना ज्याने जो शब्द वापरला तोच वापरते. कुणाला दुरुस्त करत नाही. तुझ्याकडे येणारा एखादा साबुदाण्याची खिचडी म्हणेल, एखादा उसळ म्हणेल. तू त्याचाच शब्द वापर.

आता खटकलेलं. गेल्या वर्षी आई आली होती. तिला म्हटलं जरा मोठ्या ठिकाणी नेऊ, म्हणून हायवेवरच्या एका चकचकीत दुकानात गेलो. पन्नास मिनिटं बसून होतो. डोळ्यांदेखत फोनवरून आलेल्या ऑर्डरींच्या पिशव्या भरभरून जात होत्या आणि समोर बसलेल्यांकडे कुणी फिरकत नव्हतं. आईला साखरेचा त्रास, तिला वेळेवर खावं लागतं. "उशीर होतोय" एवढंही कुणी येऊन सांगितलं नाही. तक्रार केली तर मॅनेजरने स्क्रीनकडे बघत बघत बिलातून काही रक्कम कमी केली. आई म्हणाली, "पैसे नको होते, माणसासारखा बोलला असता तर पुरे होतं." मला ते फार लागलं.

पुढच्या रविवारी तिला आमच्या डायनरमध्ये नेलं. तिथेही तोबा गर्दी. पण बाईने दारातच सांगितलं, "तवा भरलाय, पंचवीस मिनिटं लागतील. थांबाल का?" आणि आईकडे बघून विचारलं, तोवर टोस्ट आणू का? बर्फाच्या पाण्याचा ग्लास आईने बाजूला सारला होता, तर दुसऱ्या खेपेला न मागता गरम पाणी आलं. आई भारतात परतली तरी फोनवर "त्या गरम पाणीवालीला" विचारते.

दरवाढीचंही लिहितो, कारण तुला ते चुकणार नाही. या वर्षी बर्ड फ्लूमुळे कोंबड्या माराव्या लागल्या आणि मार्चमध्ये अंड्यांचा सरासरी भाव डझनाला ६.२३ डॉलरवर गेला. एका मोठ्या साखळीने तर अंड्यामागे ५० सेंट जादा लावले होते. आमच्या मालकाने (ग्रीक आहे, इथली बरीच डायनर ग्रीक कुटुंबांची आहेत) गल्ल्यापाशी हाताने लिहिलेला कागद लावला: अंडी महागली आहेत, म्हणून काही दिवस थोडे जास्त पडतील. कुणी कुरकुरलं नाही. मला विशेष वाटलं ते उन्हाळ्यात. भाव उतरले आणि त्याने कागद काढला, दरही पूर्ववत केले. वाढवणारे सगळेच असतात, उतरवणारा मी हा एकच पाहिला. त्या दिवशी दोघातिघांनी मुद्दाम गल्ल्यावर जाऊन त्याचा हात हातात घेतला.

टिपेच्या बाबतीत मात्र इथलं काही घेऊ नकोस. सुरुवातीला मी दहा टक्के ठेवायचो. मग एका सहकाऱ्याने समजावलं की केंद्राच्या कायद्याने टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. टिप धरून ७.२५ चं किमान वेतन भरलं नाही तर फरक मालकाने द्यायचा. काही राज्यांत, आमच्याही, दर याहून जास्त आहेत. तरी घर चालतं ते टिपेवर. हे कळल्यावर आधीच्या सगळ्या रविवारांची मला लाज वाटली. ती बाई माझ्याशी चांगली वागते ते मनापासून, याची मला खात्री आहे. पण तिला तसं वागावंच लागतं, हेही खरं, आणि ते मला आवडत नाही. तू पोरांना धड पगार दे. गिऱ्हाइकाच्या मर्जीवर त्यांना सोडू नकोस.

एक राहिलं. माझ्या शेजारच्या स्टुलावर एक वृद्ध कृष्णवर्णीय गृहस्थ बसतात. ऐंशी पार केलेले. बूथ, म्हणजे बाकवालं टेबल, रिकामं असलं तरी काउंटरवरच बसतात. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "लहानपणी दक्षिणेत वडील अशा काउंटरवरून पुडी विकत घ्यायचे, पण तिथे बसता येत नव्हतं. उभ्यानेच घरी न्यायची." १ फेब्रुवारी १९६० ला दक्षिणेतल्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी अशाच, फक्त गोऱ्यांना बसू देणाऱ्या काउंटरवर कॉफी मागून बसले. त्यांना काही दिलं नाही, तरी ते दुकान बंद होईपर्यंत उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. १९६४ मध्ये असा भेदभाव बंद करणारा कायदा झाला तेव्हा कुठे देशभरात ही दारं उघडली. ते बोलत होते आणि मला आपल्याकडच्या हॉटेलांबाहेर वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपबश्या आठवत होत्या. धुवून परत तिथेच ठेवायच्या. तू आणि मी शाळेतून येताना त्या पाहायचो आणि काहीच विचारायचो नाही. या गृहस्थांना आजही बाई सगळ्यांच्या आधी कॉफी ओतते, आणि ते दोन्ही कोपरे काउंटरवर पसरून बसतात.

म्हणून तुझ्या नकाशाबद्दल विचारतो. तू नुसती टेबलं लिहिली आहेस. तव्यासमोर पाच-सहा माणसांपुरता एक कट्टा निघत असेल तर बघ. एकटा आलेला माणूस चार जणांच्या टेबलावर अवघडतो, तिथे नाही अवघडत. मिस्त्री अजून कामावर आहे तोवर माप घेऊन कळव. फेब्रुवारीत मी येतोय, तेव्हा भिंतीकडची जागा माझ्यासाठी ठेव.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकमित्र