फुकुशिमाचा हिशोब दोन्हीकडून अर्धाच सांगितला जातोय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अणुऊर्जेवरची तुमची लेखमाला आणि त्यावर येणारी वाचकांची पत्रं नेमानं वाचतेय. बहुतेक पत्रांत फुकुशिमा (जपानमधला 2011 चा अणुभट्टीचा अपघात) एका वाक्यात येतं आणि एका वाक्यातच निकालात निघतं. एक जण लिहितो, तिथं किरणोत्सारानं कोणी मेलंच नाही, उगाच बाऊ केला. दुसरा लिहितो, हजारो माणसं मेली तरी यांना अक्कल येत नाही. दोन्ही वाचून अस्वस्थ व्हायला होतं, कारण दोघंही अर्धंच सांगतायत, आणि जे सांगायचं राहतंय त्यातच सगळं आहे असं मला वाटतं, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण जमल्यास पूर्ण छापा.

आधी मेलेल्यांचं बघू, कारण भांडण तिथंच अडकतं. 11 मार्च 2011 च्या भूकंपात आणि त्सुनामीत जपानमध्ये 18 हजारांवर माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. हा आकडा अणुभट्टीच्या नावावर टाकणं साफ चूक आहे, ती माणसं समुद्रानं नेली. किरणोत्सारामुळे मृत्यू म्हणून जपान सरकारनं 2018 मध्ये मान्य केलेली केस एका कामगाराची, त्याला फुप्फुसाचा कॅन्सर झाला होता. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सार समितीनंही तिथल्या रहिवाशांच्या तब्येतीवर थेट किरणोत्सारामुळे झालेला परिणाम आढळला नाही असंच म्हटलंय. मुलांच्या थायरॉइडच्या तपासणीत तीनशेच्या वर केसेस निघाल्या, त्यावर वाद आहे, पण एवढी मोठी तपासणी केली की एरवी कधी कळल्याच नसत्या अशा गाठीही सापडतात, असं बऱ्याच डॉक्टरांचं म्हणणं.

मग कोणी मेलंच नाही का? फुकुशिमा प्रांतात भूकंप-त्सुनामीत थेट गेलेली माणसं साधारण 1600, आणि नंतरच्या हालअपेष्टांनी गेलेली, म्हणजे सरकारनं 'आपत्तीशी संबंधित मृत्यू' म्हणून नोंदवलेली, 2300 च्या वर. नंतरचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा! ही बहुतेक म्हातारी माणसं. घर सोडायला लावलं, आधी शाळेच्या जिममध्ये, मग नातेवाइकांकडे, मग पत्र्याच्या तात्पुरत्या खोलीत, औषधं मागे राहिली, शेजारपाजार तुटला, शेती गेली, काहींनी जीव दिला. दीड लाखांवर माणसं अशी घराबाहेर पडली.

त्यातली एकच गोष्ट सांगते. प्लांटपासून चारपाच किलोमीटरवर एक हॉस्पिटल होतं, तिथले बरेच पेशंट अंथरुणाला खिळलेले. ज्यांना चालता येत होतं ते पहिल्या दिवशी बसनं गेले, बाकीचे मागे राहिले, वीज नाही, पाणी नाही, कडाक्याची थंडी. 14 तारखेला त्यांच्यासाठी बस आली, आडवं पडायची सोय नसलेली, आणि सरळ रस्ता प्लांटवरून जात होता म्हणून दोनशेच्या वर किलोमीटरचा वळसा घालून त्यांना एका शाळेच्या जिममध्ये नेलं. सोबत डॉक्टर नाही, सलाइन नाही, तासन्‌तास. काही वाटेत गेले, काही पोचल्यावर. तिथल्या 44 पेशंटच्या मृत्यूचा उल्लेख पुढे प्लांट चालवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांवरच्या फौजदारी खटल्यात आला, 2019 मध्ये अधिकारी निर्दोष सुटले आणि 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच कायम ठेवलं. तर, ही माणसं किरणोत्सारानं नाही मेली हे खरं, पण अणुभट्टीच्या अपघातामुळेच मेली, आणि त्यांना कुठल्या रकान्यात टाकायचं हे 'कोणी मेलंच नाही' म्हणणाऱ्यांनी सांगावं.

नामिए गावचं तर वाचून संताप येतो. प्लांटच्या जवळचे लोक त्सुशिमा नावाच्या डोंगराळ भागात जाऊन थांबले, लांब आहे म्हणजे सुरक्षित असं समजून. हजारो माणसं, पोरंसोरं बाहेर खेळतायत, बायका बाहेर चूल मांडून रांधतायत. आणि वारा नेमका वायव्येला, त्यांच्याच दिशेनं वाहत होता. किरणोत्सार कुठं जाईल याचा अंदाज सांगणारी कॉम्प्युटर यंत्रणा सरकारकडे होती, ती चालूही होती, आकडे निघत होते, पण लोकांपर्यंत पोचले नाहीत, ते जाहीर झाले 23 मार्चला! त्याच दिशेला पुढे इताते गाव, प्लांटपासून तीस किलोमीटरच्या पलीकडे, म्हणून सरकारनं रिकाम्या करायला लावलेल्या 20 किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर, तिथल्या लोकांना गाव सोडायला सांगितलं ते एप्रिलच्या शेवटी. नकाशावर कंपासनं गोल काढला, वारा काही गोलात वाहत नाही.

आता हा अपघात झाला कसा, तेही थोडं सांगायला पाहिजे, कारण 'निसर्गापुढे कोणाचं चालतं' असं एका पत्रात वाचलं. त्या जागी मुळात समुद्रापासून 35 मीटर उंच कडा होता. तो खणून 10 मीटरवर आणला आणि प्लांट बांधला. 2008 मध्ये कंपनीच्याच आतल्या हिशोबात त्सुनामी 15.7 मीटरपर्यंत येऊ शकते असं निघालं होतं, त्यावर कंपनीनं भिंत उंच करायचं सोडून आणखी अभ्यास करू म्हणून घोंगडं भिजत ठेवलं. पाणी आलं ते जवळपास तेवढंच. डिझेल जनरेटर बहुतेक तळघरात होते, ते बुडाले. कंट्रोल रूममध्ये अंधार, मीटर बंद, आत पाणी किती प्रेशर किती काही कळेना, तेव्हा कामगारांनी पार्किंगमधल्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्या जोडून मीटर वाचले. त्या माणसांच्या धैर्यापुढे हात जोडावेत. पण ज्या देशात मिनिटाला गाड्या वेळेवर सुटतात तिथं तीन भट्ट्या वितळत असताना टॉर्चच्या उजेडात गाडीची बॅटरी जोडावी लागते, हे निसर्गाच्या माथी मारायचं?

आणि त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर ओनागावाचा प्लांट उभा होता, भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ. तो 14.8 मीटर उंचीवर बांधला होता, कारण हिराई यानोसुके नावाच्या एका इंजिनीअरनं जुन्या त्सुनामींचा अभ्यास करून उंचीचा हट्ट सोडला नाही, खर्च वाढला तरी. लाट साधारण 13 मीटरची आली. प्लांट वाचला, इतकंच नाही तर घरं वाहून गेलेले गावकरी प्लांटच्याच जिममध्ये येऊन राहिले. फुकुशिमाचा दुसरा प्लांट, दाइनी, तोही वाचला. बाहेरून येणारी विजेची एक लाइन शिल्लक होती, आणि दोनशेएक माणसांनी नऊ किलोमीटर जाडजूड केबल हातानं ओढून पंप चालू केले. म्हणजे लाट तीच, तंत्रही साधारण तेच, फरक पडला तो आधी कोणी काय ऐकलं यानं. जपानच्या संसदेनं नेमलेल्या कुरोकावा आयोगानं 2012 मध्ये सरळ लिहिलं की हा अपघात मानवनिर्मित आहे. नियामक संस्था होती ती अणुऊर्जेचा प्रसार करणाऱ्या मंत्रालयाच्याच हाताखाली! तिनं कंपनीला कधी नाही म्हणायचं?

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि ती तुमच्या एकाही लेखात आली नाही. फुकुशिमा दाइइचीची, म्हणजे अपघात झालेल्या प्लांटची, वीज फुकुशिमाला मिळतच नव्हती. प्लांट टोकियोच्या कंपनीचा, वीज जायची टोकियो आणि आसपासच्या भागाला, आणि फुकुशिमाच्या घरांत दिवे लागायचे ते दुसऱ्याच कंपनीच्या, तोहोकूच्या विजेवर. गावांना नोकऱ्या मिळाल्या, सरकारी पैसा आला, शाळा-हॉल बांधले गेले, हे खोटं नाही. फुताबा गावाच्या रस्त्यावर तर 'अणुऊर्जा, उज्ज्वल भविष्याची ऊर्जा' अशी मोठी कमान होती. ते गाव अकरा वर्षं पूर्ण रिकामं राहिलं, 2022 च्या ऑगस्टअखेर लोकांना पहिल्यांदा परत राहायची परवानगी मिळाली आणि एकेकाळच्या सात हजारांतले अगदी थोडे परतले. वीज एकाची, धोका दुसऱ्याचा. मला वाटतं ऊर्जेच्या प्रत्येक चर्चेत पहिला प्रश्न हाच असायला हवा, मग ती अणूची असो, कोळशाची असो की सूर्याची.

कारण अपघातानंतर जे झालं त्यातही हेच दिसतं. जपाननं एकेक करत सगळ्या 54 भट्ट्या बंद केल्या, सप्टेंबर 2013 पासून ऑगस्ट 2015 पर्यंत तर देशात अणूची वीज शून्य. मग गॅस आणि कोळसा बोटी भरभरून मागवला, व्यापार तुटीत गेला, वीज महागली आणि धूर वाढला. अपघातानंतर लगेच टोकियोच्या भागात पाळीपाळीनं वीज बंद ठेवावी लागली, तेव्हा पश्चिम जपानात वीज होती पण देता येत नव्हती, कारण दोन्हीकडच्या विजेची वारंवारता वेगळी, पूर्व जपान 50 हर्ट्झवर आणि पश्चिम जपान 60 वर, आणि दोघांना जोडणारी यंत्रणा जेमतेम हजार मेगावॅटची. शंभर वर्षांपूर्वी एकानं जर्मन जनरेटर घेतले आणि दुसऱ्यानं अमेरिकन, आणि ते दुरुस्त करायचं शेवटपर्यंत राहूनच गेलं. अशा कंटाळवाण्या कामांवर कोणी पत्र लिहीत नाही, पण संकटात जीव त्यांवरच टिकतो.

जर्मनीचं उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं देतात. तेव्हाच्या चॅन्सलर मर्केलबाईंनी 2010 मध्ये भट्ट्यांचं आयुष्य वाढवलं, फुकुशिमानंतर काही दिवसांत निर्णय फिरवला, 17 पैकी 8 बंद झाल्या आणि शेवटच्या तीन 15 एप्रिल 2023 ला. पवन आणि सौर ऊर्जा तिथं खरंच प्रचंड वाढली, सगळे अपारंपरिक स्रोत मिळून निम्म्याहून जास्त वीज आता त्यांतून येते, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण त्याच वर्षी जानेवारीत ल्युत्सेराथ नावाचं गाव कोळशाच्या खाणीसाठी पाडलं, आंदोलकांना पोलिसांनी उचलून नेलं. आधी कोळसा बंद करून मग भट्ट्यांकडे वळले असते तर जास्त बरं झालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे. कोळशाच्या धुरानं माणसं रोज मरतात, फक्त त्यांच्यासाठी बस येत नाही आणि कॅमेरेही येत नाहीत.

सौरऊर्जावाल्यांनीही हे ऐकावं. फुकुशिमा प्रांतानं 2040 पर्यंत आपली सगळी ऊर्जेची गरज अपारंपरिक स्रोतांतून भागवायचं ठरवलंय, ही फार मोठी गोष्ट आहे. पण डोंगर तासून पॅनेल लावायला लागल्यावर फुकुशिमा शहरानं 2023 मध्ये आता आणखी मोठे सौर प्रकल्प नकोत असं जाहीर केलं. लोक सूर्याच्या विरोधात थोडेच आहेत, त्यांना विचारल्याशिवाय त्यांचा डोंगर घेऊ नका एवढंच म्हणणं.

न विचारण्यावरून आठवलं, वितळलेल्या भट्ट्या थंड ठेवताना दूषित झालेल्या आणि प्रक्रिया करून टाक्यांत साठवलेल्या पाण्याचं. कोळी लोकांना 2015 मध्ये सरकारनं आणि कंपनीनं शब्द दिला होता की संबंधितांना पटल्याशिवाय टाक्यांमधलं पाणी समुद्रात सोडणार नाही. ते मान्य करत नव्हते तरी 24 ऑगस्ट 2023 पासून सोडायला सुरुवात झाली. आता शास्त्र म्हणून बघितलं तर प्रक्रिया केलेल्या, भरपूर पातळ केलेल्या त्या पाण्यात ट्रिटियमची (हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप, ते गाळून काढता येत नाही) मर्यादा लिटरला 1500 बेकरेल (किरणोत्साराचं एकक) ठेवलीय, पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा 10,000 आहे, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनंही हे निकषांत बसतं म्हणून सांगितलं, आणि मला ते पटतं. चीननं मासळीवर घातलेली बंदी मला राजकारण वाटतं. पण दिलेला शब्द मोडला हेही तितकंच खरं, आणि कोळ्यांचा राग ट्रिटियमपेक्षा त्या शब्दाचा आहे. किरणोत्सार पडला म्हणून खरवडून काढलेली माती आहेच, जवळपास 1.4 कोटी घनमीटर, प्लांटशेजारच्या ओकुमा आणि फुताबात साठवलेली, 2045 पर्यंत प्रांताबाहेर न्यायची असं कायद्यात लिहिलंय आणि ती घ्यायला कुठलाच प्रांत पुढे येत नाही. ज्यांनी वीज वापरली त्यांच्याही दारात माती नको. आणि भट्ट्यांत वितळलेल्या इंधनाचा राडा साधारण 880 टन, त्यातला पहिला नमुना नोव्हेंबर 2024 मध्ये बाहेर आला तो एक ग्रॅमसुद्धा नव्हता.

मी अणुऊर्जेच्या विरोधात नाही. हवामानाचं जे चाललंय ते बघता तिला सरसकट नाही म्हणणं परवडेल असं वाटत नाही. पण जिथं नियामक संस्था नाही म्हणू शकत नाही तिथं ती नको, हे ठाम मत. जपाननं 2012 मध्ये नवी, वेगळी संस्था केली आणि 2024 मध्ये तिनं त्सुरुगा प्लांटची दुसरी भट्टी सुरू करायला परवानगी नाकारली, भट्टीखाली जिवंत भ्रंश (जिथं जमीन सरकून भूकंप होऊ शकतो अशी भेग) असण्याची शक्यता आहे म्हणून. अशा नकारामुळे माझ्यासारखीचा अणुऊर्जेवरचा विश्वास उलट वाढतो.

तेव्हा संपादकसाहेब, एक विनंती. तुमच्या लेखमालेत प्रत्येक वेळी युनिटला खर्च किती याचा तक्ता असतो. त्यात अजून तीन रकाने टाका: जमीन कोणाची आणि वीज कोणाला, अपघात झाला तर अंथरुणावरच्या माणसाला कोण, कशातून आणि कुठं नेणार, आणि उरलेला कचरा कुठं ठेवणार. अणूला टाका तसेच कोळशाला, धरणाला आणि सोलरलाही टाका. फुकुशिमाच्या नुकसानीचा आणि सफाईचा सरकारी अंदाज 2016 मध्ये 21.5 लाख कोटी येन होता आणि नंतर तो आणखी वाढला, तोही युनिटच्या खर्चात धरलाय की नाही ते लेखकांनी स्पष्ट करावं. पुढचा भाग जर्मनीवर आहे असं तुम्ही छापलंय, त्यात ल्युत्सेराथबद्दल चार ओळी तरी याव्यात.

आपली,
एक नियमित वाचक