सुगम्यतेची मानके ऐच्छिक नकोत

महोदय,

सार्वजनिक इमारती, वाहतूक आणि माहिती-तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता यावे यासाठी नियम करून मानके ठरवण्याची जबाबदारी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४० ने केंद्र सरकारवर टाकली आहे. २०१७ च्या नियमांतील नियम १५ ने मात्र निरनिराळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवून ही जबाबदारी उरकली. राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्याला सक्ती अपेक्षित असताना नियम केवळ शिफारशींवर विसंबतो, हे त्याचे कारण. कोणालाही टाळता येणार नाहीत अशी किमान मानके वेगळी काढून तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत, असा आदेशही न्यायालयाने दिला.

शिफारस आणि सक्ती यांतला फरक कोणत्याही कार्यालयाच्या दारात दिसतो. चढ-उताराच्या रॅम्पसाठी १:१२ हे प्रमाण धरले जाते, म्हणजे तीन पायऱ्यांची जेमतेम दीड फूट उंची चढायला १८ फूट लांबीचा रॅम्प लागतो. प्रत्यक्षात पाच-सहा फुटांत गुळगुळीत फरशी बसवून, कठडाही न लावता, रॅम्प केल्याची नोंद होते. अशा रॅम्पवरून चाकाची खुर्ची स्वतः चालवत वर जाणे अशक्य आहे आणि मदतनीस असला तरी ते धोक्याचे आहे. दृष्टिहीनांसाठी पदपथावर बसवलेल्या उंचवट्याच्या पिवळ्या फरश्या विजेच्या खांबापाशी नेऊन संपवल्या जातात, हीही तशीच जीवघेणी बेपर्वाई आहे.

म्हणून नवे नियम मोजता येतील अशा आकड्यांत हवेत. कलम ४४ नुसार मानके न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. ही तरतूद अत्यंत प्रभावी आहे, परंतु अधिकाऱ्याच्या हाती रुंदी, उतार आणि उंचीची बंधनकारक मापे नसतील, तर तो दाखला कशाच्या आधारे अडवणार? जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी कलम ४५ ने दिलेली पाच वर्षांची मुदत तर जून २०२२ मध्येच संपली आहे. मुदत उलटूनही बदल न करणाऱ्यांना कलम ८९ खालील दंड आता तरी व्हायला हवा. पहिल्या उल्लंघनाला तो दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाख रुपये आहे.

महाराष्ट्रातील महापालिका आणि नगरपालिकांनी पूर्णत्वाचा दाखला देण्यापूर्वीच्या पाहणीत चाकाची खुर्ची वापरणारी एक आणि दृष्टिहीन एक अशा दोन व्यक्तींना मानधन देऊन सामील करून घ्यावे आणि त्यांचा अभिप्राय दाखल्याला जोडावा, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, पुणे