प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, ते आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आरोग्य संशोधनाच्या बातम्या हल्ली पेपरात आणि त्याहून जास्त मोबाइलवर रोज येतात आणि मी त्या सगळ्या वाचते, कारण माझ्या ताईला १२ वर्षांपासून रुमटॉइड संधिवात आहे, म्हणजे तिची स्वतःची इम्युनिटीच तिच्या सांध्यांवर उठलीये. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या फोनवर एक बातमी आली, ऑटोइम्यून, म्हणजे ताईसारखे, आजार आता मुळापासून बरे होणार अशी. ताईने ती तीनदा वाचली. मग कुणाला न विचारता संधिवात आटोक्यात ठेवणारी आठवड्याची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद केली, आता नवीन औषध येणारच आहे तर हे कशाला पोटात घालायचं म्हणून. महिनाभरात बोटं इतकी सुजली की सकाळी ब्रश धरता येईना. डॉक्टरांनी रागावून नाही, शांतपणे सांगितलं की या नोबेलमधून तुमच्यासाठी अजून गोळी निघालेली नाही.

म्हणून हे पत्र. बातमी खोटी नव्हती हो, शोध खरोखर मोठा आहे, फक्त त्यातलं अर्धंच सांगितलं होतं.

शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना हे नोबेल मिळालं. साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवलं की आपल्या रक्तात टी पेशींचा, म्हणजे इम्युनिटीच्या सैनिक पेशींचा, एक वेगळा गट असतो, घरातलं भांडण वेळेत मिटवणाऱ्या वडीलधाऱ्या माणसासारखा, त्याला रेग्युलेटरी टी पेशी म्हणतात, आणि तो नसला तर बाकीच्या पेशी स्वतःच्याच शरीरावर तुटून पडतात. त्या काळात या कल्पनेवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता कारण आधी अशाच प्रकारच्या पेशींचे दावे फोल ठरले होते, तरी हा माणूस मागे हटला नाही. ब्रंको आणि रॅम्सडेल, इम्युनिटी स्वतःच्याच शरीरावर उठलेल्या एका आजारी उंदराच्या मागे लागले होते. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत कुणी काही न करता खवलेदार कातडीचे नर उंदीर जन्माला आले, जेमतेम काही आठवडे जगायचे. त्यांच्या एक्स गुणसूत्रात कुठेतरी बिघाड आहे एवढं माहीत होतं. शोधत शोधत ते २० जनुकांपर्यंत आले आणि एकेक तपासत गेले, १९ जनुकं निरोगी उंदरासारखीच निघाली, बिघाड सापडला विसाव्यात! त्याला नाव दिलं फॉक्सपी३. २००१ मध्ये हेही कळलं की लहान मुलांना, मुख्यतः मुलग्यांना, होणाऱ्या आयपेक्स या दुर्मिळ आणि गंभीर आजारामागे माणसातला तोच जनुक आहे. दोन वर्षांनी साकागुचींनी दाखवलं की त्या भांडण मिटवणाऱ्या पेशी घडवणारा जनुक हाच. मला विचाराल तर ही गोष्ट कुठल्याही चमत्कारी उपायाच्या हेडलाइनपेक्षा वाचनीय आहे.

आता प्रश्न असा की पेशी माहीत आहेत, जनुक माहीत आहे, मग औषधाला इतका वेळ का? याचं उत्तर २००६ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये मिळालंय. टीजीएन१४१२ नावाचं औषध याच रेग्युलेटरी पेशी वाढवेल अशी आशा होती, माकडांना ते बिनधोक चाललं होतं, आणि माणसाला दिलेला डोस माकडांना चाललेल्या डोसच्या ५०० व्या भागाइतकाच होता. तरी ज्या ६ निरोगी तरुणांना ते टोचलं ते सहाच्या सहा काही तासांत आयसीयूत गेले, एकामागून एक अवयव बंद पडायला लागले. सुदैवाने सगळे वाचले. औषध ज्या खुणेला चिकटतं ती माणसाच्या काही अनुभवी टी पेशींवर असते, पण ज्या जातीच्या माकडांवर चाचणी केली त्यांच्या तशाच पेशींवर नसते, हे नंतर उलगडलं. उंदीर, माकड आणि माणूस यातलं अंतर असं असतं, आणि बातमीत नेमकं तेच गाळलं जातं.

उलट बाजूही सांगते, नाहीतर मी निराशा पसरवते असं वाटेल. जर्मनीतल्या डॉक्टरांनी ल्युपससारखे ऑटोइम्यून आजार असलेल्या १५ जणांना कार-टी उपचार दिले, म्हणजे रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांच्यात जनुकीय बदल करून परत सोडल्या आणि त्यांनी बिघडलेल्या बी पेशींचा, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या इम्युनिटीच्या पेशींचा, फडशा पाडला. २०२४ मध्ये निष्कर्ष छापून आले, पंधराही जणांची इम्युनिटी दाबणारी औषधं बंद करता आली. मी हे वाचून रडले होते, खरंच. पण ते १५ च लोक होते, त्यांच्याशी तुलना करायला उपचार न दिलेला दुसरा गट नव्हता, साधारण सव्वा वर्षाचा पाठपुरावा होता आणि पेशी परत सोडण्याआधी केमोथेरपीची औषधं द्यावी लागतात. ताईला हे आकडे सांगितले तेव्हा तिची आशा अजिबात गेली नाही. ती म्हणाली, बरं, म्हणजे माझ्या गोळ्या चालूच ठेवायच्या आणि लक्ष ठेवायचं.

तर विनंती एवढीच की संशोधनाची बातमी छापताना पहिल्या दोन ओळींतच प्रयोग कोणावर झाला, किती जणांवर झाला आणि नंतर किती दिवस पाहिलं हे येऊ द्या, शेवटच्या परिच्छेदात नको, तिथपर्यंत आजारी माणूस पोचत नाही, तो आधीच फोन उचलून कुणालातरी सांगत असतो. उंदरावरचं असेल तर हेडलाइनमध्येच उंदीर हा शब्द टाका, बातमी लहान होत नाही त्याने. आणि दर वर्षाच्या शेवटी एक पान असं काढा की मागच्या वर्षी ज्या उपायांच्या हेडलाइन आपण दिल्या त्यांचं पुढे काय झालं, कुठली ट्रायल पुढच्या टप्प्यात गेली, कुठली थांबली आणि का थांबली. ते पान आमच्या घरी कापून ठेवलं जाईल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक